भिंतीआडचा फिर्यादी

नाव स्ट्रातोन, बापाचे नाव फिलाग्रोस, वय ४१ वर्षे, धंदा न्हावी, राहणार कोलितोस वस्ती, अथेन्स.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको व सासूसह राहण्यास असून बाजारात कारंज्याजवळ माझे दुकान आहे. देवाधर्माच्या बाबतीत माझ्यावर आजवर एकही गुन्हा नाही. धर्माच्या खटल्यांच्या या कचेरीत मला फानियास कुंभाराच्या प्रकरणी विचारणा झाली, म्हणून सांगतो.

फानियास, वय अंदाजे ६६, हा माझा शेजारी. गेल्या महिन्यात वस्तीच्या सणाला बैल कापला. रिवाजाप्रमाणे हाडे चरबीत गुंडाळून देवासाठी जाळली आणि मांस आम्ही वाटून घेतले. तेव्हा फानियास म्हणाला, "देवाला हाडं आणि धूर, आपल्याला मांडीचं मटण. मग सण नक्की कुणाचा रे?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या तोंडात घास होता.

फिर्यादी कालिबिओस त्या दिवशी सणाला नव्हता. पोट बिघडल्याने घरी होता असे समजते. तरीही देवाचा अपमान त्याला घरबसल्या ऐकू आला. गुन्हा शाबीत झाल्यास फानियासला विषाचा पेला प्यावा लागेल. कालिबिओसला मी आजतागायत पाहिलेले नाही. त्याची कीर्ती मात्र मोठी आहे.

परवा सकाळी ऐन बाजार भरला असता कालिबिओसचा गडी दुकानी आला व मला आणि सिमिलोस खाटकाला साक्षीदार म्हणून फानियासच्या दारी घेऊन गेला. आमच्याकडे कायदा असा की, फिर्यादीने स्वतः आरोपीसमोर उभे राहून, दोन साक्षीदारांदेखत, आपल्या तोंडाने समन्स सांगायचे. नाही तर खटला उभाच राहत नाही. हे न्हाव्यालाही माहीत असते.

दारापाशी गडी म्हणाला, "मालक पुढं येणार नाहीत. देव न मानणाऱ्याच्या जवळ गेलं की विटाळ होतो. ते त्या भिंतीआड उभे आहेत. त्यांच्या वतीनं तुम्हीच हाक मारा."

मी विचारले, "आणि मला नाही का होत विटाळ?"

"तुम्ही न्हावी. रोज कुणाकुणाच्या डोक्याला हात लावता, कसला विटाळ!"

मुद्दा बिनतोड होता. सिमिलोस म्हणाला, "मार की हाक. मोठ्या घरचं गिऱ्हाईक आहे. आपल्या बापाचं काय जातंय?" कोणाचे काय जाते हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. खरे तर आले होते. मी हाक मारली आणि दारातूनच समन्स सांगितले.

फानियास चिखलाच्या हातांनी बाहेर आला. "अरे स्ट्रातोन, तू? दर खेपेला माझी हनुवटी कापतोस, म्हणून मी कधी तुला कोर्टात ओढलं का?"

"बाबा, मी नाही. कालिबिओस."

"मग तो कुठाय?"

"भिंतीआड. तुमचा विटाळ होतो म्हणे."

"देवाचा कैवारी आणि देवावर एवढाही भरवसा नाही? बरं, येतो मी कचेरीत. हात धुऊ की असाच येऊ?"

त्यानंतर मी भिंतीआड जाऊन पाहिले. तेथे एक गाढव बांधलेले होते. सिमिलोसने आपल्या जबाबात तेथे "कोणीतरी उभे होते" असे म्हटले आहे. ते तेवढ्यापुरते खरे आहे.

काल दुपारी मी फानियासला म्हणालो, "बाबा, कचेरीतल्या साहेबांना सांगा की फिर्यादी समन्स द्यायला आलाच नव्हता. खटला मोडेल."

तो म्हणाला, "मग हाक कुणी मारली ते विचारतील. खोटं समन्स बजावलं म्हणून तू अडकशील. घरात बायको आहे तुझ्या, सासू आहे." चाकावर मातीचा गोळा ठेवून म्हणाला, "सासूचं एक जाऊ दे. पण बायको गुणाची आहे."

तो चाक फिरवीत राहिला. मला लाज वाटली. हे वाक्य इथला कारकून लिहून घेत नव्हता, मी लिहायला लावले आहे.

फानियास आत्ता बाहेर ओट्यावर बसला आहे, सबब विटाळाच्या भीतीने फिर्यादी आजही कचेरीत आलेला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात "फिर्यादी समक्ष उभा होता" असे वाक्य निघाले, जे मी बोललोच नव्हतो. कारकून म्हणाला, "सगळ्या जबाबांत असतंच ते, तशी चाल आहे." मी ते खोडायला लावले. त्या जागी लिहिले: फिर्यादी नव्हता. आवाज माझा होता.

दुसऱ्यांदा वाचून घेतले. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. खोट्या समन्सबद्दल माझ्यावर खटला भरायचा झाल्यास माझी ना नाही. फक्त मला बोलावायला फिर्यादीने स्वतः यावे.