रॉकेटातला म्हातारा

सांगा बरं, इंधन संपलेल्या रॉकेटातला म्हातारा घरी पोचला असेल का? दादा गेला, पण याचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही.

मुरूमला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, रद्दीचं दुकान. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आला की काट्यावर टाकायच्या आधी तो त्यातल्या विज्ञानकथा शोधायचा. मला वाचायला जड जातं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीची शेवटची पानं मात्र कुणीतरी भजी बांधायला फाडलेली. दादानं मास्तरांना विचारलं, वाचनालयात विचारलं.

मी म्हणायचो, "मेला आसंल रं त्यो."

"गप. बायको वाट बघतीय त्याची."

परवा दादाचा दहावा झाला. पिंड ठेवला, पण कावळे बाभळीवरून हलेनात. म्हणजे दादाची काहीतरी इच्छा राहिलेली. काका हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला सांभाळतो." काही नाही. "दुकान बंद पडू देणार न्हाय." काही नाही. आई रडायला लागली. गुरुजी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावायला निघाले, तेव्हा मला राहवलं नाही.

मी ओरडलो, "दादा, त्यो म्हातारा पोचला! बायकोनं दार उघडलं, म्हणली, लई उशीर केलासा, आधी चा घ्या!"

काका म्हणाले, "कोण म्हातारा रं?"

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

ती पानं मला कधीच सापडली नाहीत. दादासाठी शेवटचं म्हणून तेवढी थाप मारली.