बसलेल्या माणसाची जागा

(सोलापूर, १९३१चा उन्हाळा. गिरणीच्या चाळीतली चंद्रव्वाची खोली. सोबत चाळीचे व्यवस्थापक वीरभद्रप्पा आणि शहरातल्या घरांवर ग्रंथ लिहिणारे निवृत्त शिक्षक शिवलिंगप्पा.)

वीरभद्रप्पा : पण हा कोपरा तर रिकामा दिसतोय की, चंद्रव्वा!

चंद्रव्वा : दिसतोय. हाय न्हाय.

वीरभद्रप्पा : ऐकलंत, मास्तर? माळशिरसचा बिरप्पा गिरणीत लागलाय. कालपासून बायकोला घेऊन बाहेर उन्हात बसलाय, आणि ही बाई कोपरा सोडत नाही. त्याला ठेवू कुठे?

शिवलिंगप्पा : हा प्रश्न आपल्याला कौलारू बंगल्यात राहून पडला, हे विशेष. भवानी पेठेतली मातीच्या धाब्याची घरं मी पाहिली, विणकरांची मागाला चिकटून निजणारी घरं पाहिली, पत्र्याची, किलतानाच्या गोणपाटाची पाहिली. प्रत्येकात माणूस कसाबसा मावलेला आहे. ओस पडलेल्या खोल्या मला एकाच घरात आढळल्या. तिथे आपण एकटेच असता, नाही का?

वीरभद्रप्पा : ते कंपनीनं दिलेलं घर आहे. हुद्द्याप्रमाणे.

शिवलिंगप्पा : अर्थात. हुद्द्याला हातपाय पसरायला जागा लागतेच.

चंद्रव्वा : सायेब, बिरप्पाची बायकू पोटुशी हाय. तिला माज्या चुलीपाशी निजवा, मी दारात पडंन. तिचं बाळतपनबी करंन. पर त्या कोपऱ्यात कुनी पाय पसरायचं न्हाय. मालक बसल्यात तितं.

वीरभद्रप्पा : तुझा नवरा गुरप्पा तेरा वर्षांमागे तापसरीच्या मोठ्या साथीत वारला, बाई.

चंद्रव्वा : व्हय. तवा हितं चाळ कुटं हुती? आपल्या लिंगायतांची रुद्रभूमी हुती, माती द्यायची जागा. बेल, विभूत घालून बसवलं त्यास्नी. तुमीबी खांदा दिला की.

शिवलिंगप्पा : बसवलं. कंपनीच्या इंजिनियरच्या समजुतीप्रमाणे मेलेला माणूस आडवाच असतो. पाया उथळ घेतला की त्याला धक्का लागत नाही. आपला माणूस समाधीत मांडी घालून बसतो, म्हणजे डोकं पार वर येतं, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, हे त्याला कुणी सांगितलं नाही. वीरभद्रप्पा, सांगू शकेल असा आपल्या समाजाचा एक सुशिक्षित गृहस्थ तेव्हा कंपनीत होता, अशी माझी समजूत आहे.

वीरभद्रप्पा : सांगून काय झालं असतं? चाळ उभीच राहिली असती. व्यवस्थापक तेवढा दुसरा असता.

चंद्रव्वा : मला सबद दिलावता तुमी. समाधीला हात लागनार न्हाय म्हनून. चाळ झाली तवा मीच लिंबावरनं अन् हिरीवरनं अदमास घेतला. ह्योच कोपरा. त्यापायी गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागले, त्यापायी हीच खोली मागितली. दुसरं कंदी काय मागितलं?

शिवलिंगप्पा : भिंतीवर तो डाग कसला? बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा.

चंद्रव्वा : चुना मारला की जातोय. पुन्ना येतोय. टेकून बसायची सवय हाय त्यांची.

वीरभद्रप्पा : ओल आहे ती!

शिवलिंगप्पा : सोलापुरात, वैशाखात. ग्रंथात घालायला हवं.

वीरभद्रप्पा : पुरे झालं! हा बघा, मीच बसतो. मांडी घालून बसतो. आहे का इथं कुणी?

चंद्रव्वा : सायेब, नगा. उठा तितनं.

वीरभद्रप्पा : संध्याकाळी बिरप्पाचं घोंगडं इथं पडेल. ते नको असेल तर तुझी भांडी बाहेर, आणि तूही बाहेर. कळलं?

शिवलिंगप्पा : कळलं तिला. आता उठा.

वीरभद्रप्पा : उठतो. जरा... पाठीला बरं वाटतंय. गार आहे.

चंद्रव्वा : मापाची हाय ती जागा.

शिवलिंगप्पा : डावा हात असा मांडीवर का धरलात?

वीरभद्रप्पा : जड झालाय.

शिवलिंगप्पा : हातात काही नाही तुमच्या.

वीरभद्रप्पा : दिसत नाही. आहे.

शिवलिंगप्पा : माझा हात धरा. उठा म्हणतो ना! चंद्रव्वा, त्या अंगानं धर.

चंद्रव्वा : अवो मालक, सोडा सायेबास्नी. चुकलं असंल त्यांचं, पर खांदा दिलावता तुमास्नी... ऐकत न्हाईत, मास्तर. जितेपनीबी माजं ऐकलं न्हाई.

वीरभद्रप्पा : ओरडू नका. इथं हळू बोलतात. मास्तर, माझ्या उजव्या खिशात बंगल्याची किल्ली आहे. काढून घ्या.

शिवलिंगप्पा : किल्ली कशाला?

वीरभद्रप्पा : बिरप्पाला द्या. बायकोला सावलीत ने म्हणावं. सगळ्या खोल्या त्यांच्या.

शिवलिंगप्पा : आणि तुम्ही कुठे राहणार?

वीरभद्रप्पा : आम्हा दोघांना हा कोपरा पुरतो.