पिशवीतला हात

नाही हो बाई, शंकू असा आडवा नका ठेवू खोक्यात — बुडावर, उभा, हां, आणि टोकाभोवती हा कागद गुंडाळा. टोक झिजलं की शंकूत राहिलं काय, असं हे म्हणायचे. म्हणायचे म्हणजे — आहेत हो, आत आहेत, खिडकीपाशी खुर्चीत. तुम्ही आलात तेव्हा मान हलवली ना? सगळ्यांनाच पाहून हलवतात. "तंत्रशाळेतला तुमचा ड्रॉइंगचा तास आता या बाई घेतात," असं मी दोनदा सांगितलं त्यांना, तर तुम्हाला म्हणाले, "बरं बरं, बसा." बसलेल्याच होतात तुम्ही.

हे सगळे त्यांनी स्वतः केलेले, एकाच ओंडक्यातले — घन, दंडगोल, हा सहा बाजूंचा प्रिझम, पिरॅमिड, आणि हा गोल. त्याला सांभाळा, तो पळतो. मुलं पुस्तकातली आकृती बघून वहीत उतरवतात, ते यांना मुळीच खपायचं नाही. आधी हाताला कळू दे, मग पेन्सिलीला. म्हणून तर ती पिशवी! ठाऊक नाही तुम्हाला? अहो, दोन्हीकडून तोंड असलेली काळी पिशवी, मीच शिवलेली. एका तोंडातून मास्तर मॉडेल सरकवणार, दुसऱ्यातून मुलगा हात घालणार — डोळ्यांनी बघायचं नाही, नुसतं चाचपायचं, आणि तिन्ही दृश्यं काढायची, समोरून, वरून, बाजूने. एकाच बाजूने पाहून कशालाही नाव द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. घरातसुद्धा! आमचं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी माझा फोटो दाखवला, तर म्हणाले, "समोरचं दृश्य ठीक आहे, बाकीची दोन?" सासूबाई म्हणाल्या, "ती जन्मभर बघ." बघितली हो. बघितलीच.

आता — आता नावं पुसली गेली. आधी शेजाऱ्यांची. मग लेकीची — ती लांब असते, फोनवर "बाबा" म्हणते आणि हे फोन माझ्याकडे देतात, "तुमचा आहे" म्हणून. मग माझं. एका सकाळी मला विचारलं, "बाई, या घरच्या मालकीणबाई कुठे गेल्या?" मी म्हटलं, येतीलच इतक्यात. काय म्हणणार? चहा टाकला. तेही थांबले वाट बघत, आणि मीही थांबले त्यांच्याबरोबर, माझीच.

पण कपाट आवरताना ही पिशवी हाती लागली. सहज एक मॉडेल घालून पुढे केली, तर हात आत गेला आणि माणूस जागा झाला! "दंडगोल. वरून वर्तुळ, समोरून आयत. पुढचं आणा." आवाज तोच, वर्गातला. तेव्हापासून रोज सकाळी आमचा तास. दिवसभरात तेवढंच आमचं बोलणं, बाई. बाकी घरात मी आणि नळ, दोघंच आवाज करतो.

म्हणून नवस बोलले. देवापाशी मागायची मला लाज नाही, पण फुकट मागू नये, घरातलं सगळ्यांत मोलाचं द्यावं. म्हटलं, देवा, यांना मला एकदा ओळखू दे, हा सगळा संच शाळेतल्या मुलांना देईन. बोलून बसले — तेव्हा डोक्यातही आलं नाही की नवस फेडला की सकाळचा तासही त्याच्याबरोबर जायचा. देव हसला असेल. हसू दे, त्यालाही कोण आहे हसवायला.

आणि परवा — हा गोल कॉटखाली गेलेला, सापडेना. यांची घाई, "पुढचं आणा, पुढचं आणा." मी काय केलं, मूठ वळून माझाच हात सरकवला पिशवीत. म्हटलं, गोल समजतील. कसले समजताहेत! बोटं फिरली, मूठ उघडली, आणि ही माझी वाकडी करंगळी — दारात चेपली होती ना, तेव्हापासूनची — तिच्यावर येऊन थांबली. बराच वेळ. मग म्हणाले, "हे शाळेचं नाही. हे घरचं आहे. जागेवर ठेवा, हरवेल."

नाव? नाही, नाव नाही घेतलं. तोंडाकडेही नाही पाहिलं. लेकही फोनवर हेच म्हणाली, आई, याला ओळखणं म्हणत नाहीत, ठेव तो संच. पण मला सांगा, जी कड समोरून दिसत नाही ती तुम्ही ड्रॉइंगमध्ये सोडून देता का? नाही ना? तुटक रेषेनं दाखवता — आहे म्हणून दाखवता. मग? देवानं तुटक रेषेनं दिलं, म्हणून मिळालंच नाही म्हणू? आणि दिला शब्द गिळू?

नको नको, तो घन परत नका काढू. तुमचं मन मोठं आहे, पण नवसातलं काढून ठेवलं तर तो नवस कसला. हो, तो विचार मलाही आला — आज सकाळी पिशवीत काय घालू, उद्या सकाळी काय. आला आणि बसला, उठतच नाही. बांधा तुम्ही. दोरी घट्ट.

अगंबाई, पिशवी कुठे घेता! ती संचातली नाही, माझ्या जुन्या छत्रीचं कापड आहे ते. तुमच्या मुलांसाठी नवी शिवा, माप कळवते मी.

ऐकलंत? "पुढचं आणा." आज पहिलंसुद्धा दिलं नाही, तरी पुढचंच हवं. आले हो, आले! खोकं दोन्ही हातांनी धरा, बाई, गोल पळेल. मुलांना आधी चाचपू द्या हं.

...उठू नका, खुर्चीतच बसा, हात इकडे करा. हां.

बाई, दार तेवढं जाताना तुम्हीच ओढून घ्या — माझा हात पिशवीत आहे.