सत्तावीस इंचांवरचं प्लास्टिक

…आणि का, ते विचारायचं नाही. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही हा आमच्या घरचा नियम, आणि का ते विचारायचं नाही हा त्या नियमाचा नियम. तुम्ही हसताय, हसा, तुमच्याही घरी रिमोट पिशवीत असणार, मला माहीत आहे. पण आमच्याकडे नुसता रिमोट नाही हो. फ्रिजच्या दाराला प्लास्टिक. खुर्च्यांना प्लास्टिक, उन्हाळ्यात त्यांच्यावरून उठताना माणूस सोलून निघतो. बाबा शाळेत शिपाई होते, रिटायर झाले तेव्हा सत्कारात भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते दोन वर्षं झाली पिशवीसकट टिकटिकतंय. किती वाजले ते बघायचं तर स्टुलावर चढून पिशवी ताणून धरायची. आणि बाबा खालून कौतुकानं म्हणणार, "पाह्य, कसं नवंच्या नवं हाये." नवं आहे हो, बाबा. दिसत नाही, एवढंच.

तुम्हाला सांगते, मला फक्त एकदा स्वच्छ बघायचं होतं.

म्हणजे काय, ते सांगते. आमचं गाव जऊळका. घरात बाबा, मी आणि रुख्मिणीआत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सहावीत होते, तेव्हा आत्या चार दिवसांसाठी आली ती राहिली, आणि प्लास्टिकचं खातं तिच्याकडे गेलं. आईचा एक फोटो मोठा करून आणला होता. तो फ्रेमवाल्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला, आणि तसाच खिळ्याला लागला. तेरा उन्हाळे गेले त्याच्यावरून. आमचे वाशीम जिल्ह्याचे उन्हाळे! ते प्लास्टिक वितळून, पिवळं पडून फोटोला असं चिकटलंय की आता ते काढलं तर आईपण निघून येईल. आईचा चेहरा मला आठवतो ना, तो धुक्यातून आठवतो, आणि खूप दिवस मला वाटायचं की आठवणी अशाच असतात, धुरकट. नाही हो. ते प्लास्टिक आहे.

त्या फोटोत आईच्या अंगावर एक साडी आहे. साडी नंतर कुणालातरी देऊन टाकली, आता कुठे असेल कुणास ठाऊक. आणि तिचा रंग कोणता, यावर आमच्या घरात तेरा वर्षं भांडण चालू आहे. बाबा म्हणतात, "हिरवं पातळ होतं. म्याच आणलं होतं, मले नाही माईत?" आत्या म्हणते, "निळं होतं. धुतलं म्या हाये, तुनं का धुतलं कधी?" मग दोघं फोटोजवळ जातात, मान वाकडी करकरून बघतात, आणि दोघांनाही आपलंच खरं दिसतं. मला काहीच दिसत नाही. मला करडं दिसतं.

आता धम्मरत्नदादा. माझा मोठा भाऊ. त्यानं बी.एड. अर्ध्यात सोडलं आणि पुण्याला गेला, सिनेमाला रंग द्यायचं काम शिकायला. म्हणजे शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवर बसून आकाश कसं दिसावं, चेहरा कसा दिसावा, ऊन किती पिवळं असावं ते ठरवायचं. खरं काम आहे ते, त्याचे पैसे मिळतात. पण बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "रंग देते? मंग दिवाळीले घराले दे म्हणा त्याले." त्यानंतर तीन वर्षं बोलले नाहीत. फोन आला की मला देतात, जणू फोन भाजतोय.

तर मागच्या वर्षी दादाचा फोन आला. म्हणाला, "स्नेहू, माझ्या कामाचा पहिला सिनेमा झाला. तुले पाठवतो. पण मोबाईलवर पाहू नको. तुझ्या त्या लॅपटॉपवरबी नको, त्याच्यात सारंच निळं दिसते. चांगल्या पडद्यावर पाह्य. तिसऱ्या प्रसंगात एक बाई दोरीवर पातळ वाळू घालते. शूटिंगला ते भलत्याच रंगाचं होतं, म्या त्याले आपल्या आईच्या पातळाचा रंग देल्ला." मी विचारलं, "तुले आठवते?" तर म्हणाला, "मी बारावीत होतो. मले आठवते." मी म्हटलं, "सांग ना मग, हिरवी होती का निळी?" तर तो हसला आणि म्हणाला, "पाह्य."

तेवढंच. अकरा सेकंदांचा प्रसंग. तुम्हाला सांगते, मला फक्त एकदा स्वच्छ बघायचं होतं.

मग काय, मी लागले मॉनिटरच्या मागे. वाशीमला एका संगणक क्लासमध्ये मी शिकवते, पगार माझा, पडदा माझा, आठ महिने मी दुसरं काही वाचलं नाही. किती इंच, किती ठिपके, कोणतं पॅनल. साधं फुल एचडी घेतलं तर सत्तावीस इंचांवर जवळून ठिपके दिसतात, फोर-के घेतलं तर त्याच जागेत चौपट ठिपके, म्हणजे बाईच्या कपाळावरचा एक एक केस सुटा. स्वस्तातल्या पडद्यावर जरा बाजूला सरकलं की रंग उडतात, आयपीएसवर कुठूनही बघा, लाल तो लाल. मी दोरी घेऊन पलंगापासून टेबलापर्यंत अंतर मोजलं. दुपारी मुलं टायपिंग करत बसायची, पंखा घरघर करायचा, आणि मी उघड्या डोळ्यांनी बघत असायची… एक अंगण. ऊन असं की त्यात उडणारी धूळसुद्धा मोजावी. एक दोरी, जराशी झोळ पडलेली. ओल्या कापडातून एक थेंब निघतो, काठावर येतो, थांबतो, त्या थेंबात अख्खं अंगण उलटं दिसतं, तो पडतो… आणि मग वाऱ्यानं साडी वर उचलली जाणार, आता रंग दिसणार, आता… "मॅडम, एंटर कुठे आहे?"

कधीच त्यापुढे गेले नाही मी.

बरं, मॉनिटर आणायला एकटी जाते म्हटलं तर बाबा म्हणाले, "एवढी मोठी वस्तू एकटीनं आणतेत का?" म्हणून बाबा आले. बाबा आले म्हणून आत्या आली. आणि तज्ज्ञ हवा म्हणून शेजारचे राजपालकाका आले. राजपालकाका चाळीस वर्षांपूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. तेवढ्या भांडवलावर गावात मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं त्यांच्या होकारानं येतं. असे आम्ही चौघं वाशीमच्या दुकानात.

दुकानदार उदयसिंगभाऊ, बिचारा सज्जन माणूस. मी म्हटलं, सत्तावीस इंच, फोर-के, आयपीएस. त्यानं काढला. मी वाकून रंग बघतेय, तेवढ्यात राजपालकाकांनी तो उचलला. दोन हातांनी. तोलला. "हलका हाये," म्हणाले. "मालात दम नाही." मी म्हटलं, काका, हलकाच असतो. "पोरी, आमच्या टायमाले टीव्ही उचलाले तीन गडी लागे. त्याले म्हणतेत टीव्ही." मग त्यांनी मागच्या बाजूनं टकटक केली, टरबुजाला करतात तशी, आणि विचारलं, "याचा आवाज कुठून निंघते?" उदयसिंगभाऊ म्हणाले, "याच्यात स्पीकर नाही काका, वेगळे लावावे लागतात." काका बाबांना हळूच म्हणाले, "देवमन, हा मुका हाये." आणि बाबा म्हणतात कसे, "असू दे मुका. घरात एक बोलणारी हाये तेवढी पुरे."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला फक्त एकदा स्वच्छ बघायचं होतं ना.

आत्याचं तिसरंच. ती एकेका पडद्यासमोर उभी राहून पदर सारखा करायची. एका चकचकीत पडद्याशी थबकली. "हा घे माय. याच्यात तोंड दिसते." अगं आत्या, तोंड दिसू नये म्हणून तर मी विनाचमक पडदा घेतेय, खिडकीचा उजेड पडला की चमकणाऱ्या पडद्यात सिनेमा कमी आणि आपणच जास्त दिसतो. आत्या म्हणाली, "मंग? आपन का वाईट दिसतो?" सांगा आता, याच्यावर काय बोलायचं?

शेवटी माझाच घेतला. बाबांनी वॉरंटीचा कागद पाहिला, काकांनी वायरची लांबी पाहिली, आत्यानं खोकं पाहिलं, खोकं चांगलं आहे म्हणाली, धान्याच्या डब्यांवर झाकायला होईल. परतताना ऑटोत ते खोकं आत्याच्या मांडीवर. जऊळक्यापर्यंत ती ऑटोवाल्याला सांगत होती, "हळू रे बाप्पा, काच हाये." मी बाहेर बघत होते. दोन्हीकडे सोयाबीन, वरती ढग, आणि मला वाटत होतं की आता हे सगळं मी पहिल्यांदा बघणार आहे. आधीपासून समोर होतं, पण आता दिसणार आहे… वेडेपणा आहे, माहीत आहे.

घरी खोकं उघडलं. तुम्ही ओळखलंच असेल. पडद्यावर कंपनीची प्लास्टिकची फिल्म. पातळ, गुळगुळीत, कोपऱ्यात ओढायला छोटीशी शेपटी, म्हणजे कंपनी स्वतः हात जोडून सांगतेय की बाई, मला काढ. मी बोट लावलं आणि तिघं एकदम ओरडले, जणू मी विजेची तार धरली. आत्या म्हणाली, "कायले काढतं? आता कसा चमकून राह्यला." बाबा म्हणाले, "कंपनीनं लावली तं कामाचीच असन." काका म्हणाले, "वारंटी जाईन." तिघांची तीन कारणं, आणि तिन्हींचा अर्थ एकच, की नियम आहे. मी सोडलं. थकले होते. आठ महिने शोधून विनाचमक पडदा आणला, आणि पहिल्याच दिवशी तो चमकायला लागला.

रविवारी विहारातून आल्यावर दुपारी सिनेमा लावायचा ठरलं. मी खिडकीवर गोधडी टांगली, पण दाराच्या फटीतून ऊन यायचं ते यायचंच. राजपालकाका स्वतःची खुर्ची घेऊन आले. बाबा म्हणाले, "मी सिनेमा पाह्यत नाही. मशीन चालते का नाही, तेवढं पाह्यतो," आणि सगळ्यात पुढे बसले.

पहिला प्रसंग. दुसरा. त्या चमकत्या प्लास्टिकमध्ये दाराची फट दिसतेय, आत्याचा पांढरा पदर दिसतोय, काकांचं टक्कल दिसतंय, आणि त्या सगळ्यांच्या मागे कुठेतरी माझ्या भावाचं काम. मग तिसरा प्रसंग. अंगण आलं. दोरी आली. एक बाई पाठमोरी, तिनं पिळा सोडवला, झटकला, दोरीवर टाकला… आणि बरोबर त्या साडीवर फिल्मचा एक बुडबुडा. साडी करडी दिसली.

साडीला आईच्या पातळाचा रंग दिलाय हे दादानं बाबांना सांगितलं नव्हतं, पण मी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "हिरवंच हाये. म्या म्हटलं होतं." आत्या म्हणाली, "निळं हाये. डोये तपासून घे आधी." "तुले निळंच दिसते सारं." "तू हिरवा चष्मा लावतं."

मी सिनेमा थांबवला. उठले. त्या शेपटीला हात घातला.

"स्नेहा," बाबा म्हणाले. "त्याले हात नाही लावाचा."

आणि तुम्हाला सांगते, चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तो प्रश्न विचारला. "काहून?"

"काहून म्हंजे? नाही काढत."

"पण काहून नाही काढत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाला वाटत होतं, उत्तर दुसऱ्याकडे असेल.

मी म्हटलं, "आईच्या फोटोवरचं तुमी नाही काढलं. आता ते निंघत नाही. आता हिरवं का निळं, तेरा वर्षं भांडा. हे मी तसं चिकटू देणार नाही. वारंटी गेली तं जाऊ द्या, वस्तू जुनी झाली तं होऊ द्या. मी काढून राह्यली." आणि ओढली. चर्रर्र आवाज झाला, लांबलचक, आणि फिल्म माझ्या हातात लोंबकळत राहिली.

सिनेमा सुरू केला.

दाराची फट गेली. पदर गेला, टक्कल गेलं. अंगण राहिलं. दोरीवर साडी, ओली, जड. घडीत होती तिथे निळी. मग वारा आला, ती वर उचलली गेली, उन्हासमोर आली आणि हिरवी झाली. खाली आली, पुन्हा निळी. मोराच्या मानेचा रंग. एक थेंब काठावर आला आणि थांबला… मी म्हटलं होतं ना तुम्हाला. अगदी तसाच थांबला.

काका बोलले नाहीत, तुम्ही काकांना ओळखत नाही म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. बाबांनी पडद्यावरची नजर न काढता नुसतं बोट फिरवलं, म्हणजे पुन्हा लाव. मी लावलं. पुन्हा बोट फिरलं. सहा वेळा. अकरा सेकंद, सहा वेळा.

मी वळून आत्याकडे बघितलं. डोळे साडीवर, वाहत होते, पुसत नव्हती, कारण हात रिकामे नव्हते. माझ्या हातून पडलेली ती फिल्म तिनं मांडीवर घेतली होती आणि न बघता, एकही सुरकुती पडू न देता, तिची घडी घालत होती.

ती घडी आता कपाटात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत.