मांदेलीचा मरांटा

…आणि मी काय प्यायचं? तर बोअरचं मचूळ! गोडं पाणी कुणाला? कुंडीला! तक्रार नाही हां माझी, नुसतं सांगतो. सत्त्याण्णव साली वसईत फ्लॅट घेतलेला माणूस तक्रार करत नसतो, तो टँकरची वाट बघतो.

तर तुम्हाला सांगतो, वास्तुशांतीला मेहुणीने, विनिताने, झाड दिलं. डिफेनबॅकिया! एवढालं हिरवं पान, वर पांढरे शिंतोडे, रंगाऱ्याने ब्रश झटकावा तसे. आमची जयवंती खूश. आणि आमची मांजर मांदेली (अर्नाळ्याच्या कोळणीने दिली तेव्हा मांदेली मासळीसारखी इवलीशी, मूठभर होती, म्हणून हे नाव) ती त्याहून खूश. एका रविवारी कचाकच चावलं की पान! लाळेच्या तारा लागल्या, पंजाने तोंड ओरबाडतेय, ओरडायला जाते तर आवाज फुटेना… एरवी मी तिला मेली म्हणतो, पण तसं नव्हतं म्हणायचं मला!

जयवंतीचं माहेर राजापूर. तिने पान बघितलं नि म्हणाली, "अहो, हे अळूच्या जातीतलं दिसतंय, खाजरं! कोकमाचं आगळ आणा!" आता अळू खाजलं की कोकम, हे कबूल, पण मांजराला? मी धरतोय, ही आगळ पाजतेय, मांदेली मला बोचकारतेय… शेवटी मीच लालेलाल! त्यात रक्त किती नि कोकम किती, देवाला ठाऊक. तक्रार नाही!

गोंधळ ऐकून शेजारच्या क्लेमेंटीनबाई आल्या, मूळच्या भुईगावच्या. म्हणाल्या, "अहो, ती काय फदफदं आहे, कोकम घालायला?" ओल्या फडक्याने तोंड आतून पुसलं, घरच्या गाऊनवरच खाली धावल्या, रिक्षा थांबवली, आणि मांदेलीला मांडीवर घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी मांदेली बारीकसं म्याव म्हणाली. खोटं कशाला सांगू, मी रडलो. त्या बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

वर त्यांनी काय करावं? शिंतोड्यांचं झाड आपल्या घरी नेलं, त्यांच्याकडे ना मांजर ना लहान मूल. आणि बदल्यात आणून दिला मरांटा. पानावर चॉकलेटी ठिपके, लाल शिरा, आणि संध्याकाळी चर्चची घंटा व्हायच्या सुमाराला पानं अशी उभी राहतात, जणू हात जोडलेत! मांजराने खाल्लं तरी काही होत नाही. "फक्त कडक ऊन नको," बाई म्हणाल्या, "आणि बोअरचं पाणी नको, पानांच्या कडा करपतात." झालं! जयवंतीने पिण्याचा हंडा कुंडीच्या नावे केला. माझ्या कडा करपतायत त्या कोण बघतो? तक्रार नाही!

आणि मांदेली? एवढं सुरक्षित झाड आणलं, त्याला तोंडसुद्धा लावत नाही! कुंडीखालच्या बशीत झिरपलेलं गोडं पाणी तेवढं चटाचटा पिते, मिशा चाटते आणि माझ्याकडे बघते. बघू दे. डोळे उघडे आहेत ना तिचे, बस्स झालं मला.

गोड्या पाण्यात पहिला नंबर मरांट्याचा, दुसरा मांदेलीचा, तिसरा जयवंतीचा. चौथा माझा… टँकर आला तर.