जावयाची चौकशी

— निर्व्यसनी! तेच लिहा आधी. आमचा सुबोध सुपारीसुद्धा खात नाही. बसा हो — ह्या परमुलखात सरकारच्या कॅसिनो खात्यात मराठी मुलगी, आणि शहराच्या टोकाला चोआ चू कांगपर्यंत घरी येऊन चौकशी! आमची भावना त्याला दिली तेव्हा आम्हीसुद्धा एवढी केली नव्हती. त्याच्या शेजारच्या बाईंना जिन्यात गाठलं, मुलगा कसा आहे विचारलं, त्या म्हणाल्या निर्व्यसनी, की झालं, हॉल बुक. तुम्ही तर बँकेचे कागद बघितलेत, त्याच्या जुन्या साहेबांना भेटलात, आणि आता सासू! — पण कॅसिनोतल्या नोकरीचं लायसन्स द्या बाई त्याला. त्याची ती पाया लेबार भागातली कंपनी बंद पडली, इथे राहायचा पास संपत आलाय, हे नाही जमलं तर दोघांनी गाशा गुंडाळून पुण्याला यायचं. आणि काम तरी काय? कॅमेऱ्यातून बघत बसायचं, कोण लबाडी करतोय. त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, मी सांगते —

पत्ते? छे! तो हातात धरत नाही. खेळतो ते आम्ही. गौरी-गणपतीच्या जागरणाला रमी मांडतो ना, चिंचोक्यांवर — देवापुढे चालतं तेवढं. हा आपला मागे बसून बघणार, आणि मी एखादं पान मांडीखाली सरकवलं की सगळ्यांदेखत, 'आई, तुमचा गुलाम खाली राहिला.' मेला — म्हणजे, गुणी आहे हो.

खरं सांगू? पुढच्या वर्षी कॅसिनो उघडला की मी पुण्याहून परत येणार आहे. तुम्हा इथल्यांना आत शिरायला शंभर डॉलर, आणि मला पासपोर्ट दाखवला की फुकट — हा कायदा मात्र झकास केलात. शिवाय घरचा जावई आत म्हटल्यावर कुठल्या मशीनवर बसायचं ते — अहो, असं काय बघताय? ओळख असताना आपण कधी रांगेत उभे राहतो का? पण सांगेल तर शपथ! विचारलं मी परवा. तर सासूला, तोंडावर, 'आई, तुम्ही कॅमेऱ्यात दिसलात तर साहेबांना पहिला फोन मी करीन.' जेवले नाही मी त्या दिवशी. आणि भावना? हसली! पोटची पोर!

हे लिहिलंत? खोडा, खोडा ते. घरात सासूला मान नाही असं वाटेल लोकांना — हसताय काय? थांबा... म्हणजे हे चांगलं? ह्यावर मिळेल त्याला? बरं, नका सांगू, तुमच्या तोंडावर कळतंय.

मग लिहा. मी जेवले नाही तेही लिहा. गुलामाचं लिहा — चुकून नव्हता राहिला, मीच ठेवला होता, आणि दर वर्षी ठेवते, आणि दर वर्षी हा एकटाच पकडतो. लिहिलंत? नीट लिहा.

लिफ्ट वाजली. तोच असणार. उठा, उठा तुम्ही. आणि हे बघा, त्याने विचारलं तर मी निर्व्यसनी म्हणाले, एवढंच. बाकी एक शब्द नाही. जा आता.