महिला गटातला चौथा नंबर

आमच्या घरात सायकलचा चौथा नंबर कसा आला, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं.

गेल्या महिन्यात कात्रपला सायकलची शर्यत होती. आमच्या लेकीने, स्वराने, नाव दिलं होतं. मी पिशवीत हळद, कापूस, पट्ट्या घेऊन गेले, कारण ही पडणार असं मला आदल्या दिवसापासून वाटत होतं. तिथे नावं लिहिणारे सर म्हणाले, "महिला गटात तिघीच आल्यात. चार नसतील तर गट रद्द."

स्वराचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना.

"चौथं माझं लिहा."

"ताई, सायकल येते का?"

"सातवीपर्यंत सायकलनेच शाळेत जायचे. शाळा सुटली तशी तीही सुटली."

आमचे पाववाले काका बघायला थांबले होते. म्हणाले, "थांब पोरी, पाव उतरवतो, मग माझी घेऊन जा."

ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. मागून सारखी ओरडत होते, "बाळा, हळू चालव." तिने ऐकलं नाही, म्हणून पहिली आली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "आणि तू कितवी?"

"चौथी."

आता त्या सगळ्या बिल्डिंगला सांगतात, "नात पहिली, सून चौथी." एकूण किती जणी होत्या ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. स्वराही गप्प असते. तिला माहीत आहे, चौथी नसती तर पहिली कुठून आली असती?